नाडीचं टोक सोडायचं नाही!

मुलांनो, गेल्या आठवड्यात मी तुम्हांला गवंडीकाकांच्या पाणसळीचा प्रयोग करायला सांगितला होता. पारदर्शक नळीत पाणी भरायचं आणि भिंतीच्या दोन टोकांना एकाच पातळीवर खुणा करायच्या, तो. पुष्कळांनी केला असं पत्रांवरून दिसतं. (एकानं तो स्वयंपाकघरात केला आणि पातळी सापडायच्या आधी पाणीच सगळीकडे सापडलं, असं त्याच्या आईनं कळवलंय!) ती नळी अजून टाकून दिली नसेल ना? आज तिचं पुन्हा काम आहे.

पण आधी एक गोष्ट कबूल करते. मध्यंतरी मी वर्गात खोटं बोलले.

झालं काय, की आमच्या चौथीतला एक मुलगा दोन दिवस डबा न उघडताच घरी परत नेत होता. विचारलं तर, "काही नाही बाई." तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळे मैदानावर पळाले आणि हा हळूच टेबलापाशी आला. त्याच्या बाबांच्या छातीत दुखायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की मनगटातून तार घालून हृदयापर्यंत न्यायची, रक्तवाहिनी कुठं बुजलीय ते बघायचं आणि जमलं तर तिथल्या तिथं मोकळी करायची. घरात सगळी मोठी माणसं हळू आवाजात बोलत होती. त्या कुजबुजीतला "तार" हा एकच शब्द याच्या कानांत पक्का बसला. आता तार म्हटल्यावर चौथीतल्या मुलाच्या डोळ्यांसमोर काय येणार? कुंपणाचीच तार!

"बाई, ती तार आतच राहिली तर?"

मी म्हटलं, "छे रे! असं कधी होतच नाही."

तो गेला. पण डबा त्याही दिवशी तसाच परत गेला. बाई मनापासून सांगतायत की नुसतं टाळतायत, हे तुम्हांला बरोब्बर कळतं. आणि खरं सांगायचं, तर मला तरी कुठं ठाऊक होतं? डी.एड्.ला आम्हांला हृदयाची आकृती काढायला शिकवली होती, निळ्या-तांबड्या खडूंनी. तारेबद्दल चकार शब्द नव्हता.

मग संध्याकाळी एका जुन्या विद्यार्थिनीला फोन लावला. मी नोकरीला लागले त्या वर्षी ती तिसरीत होती. आता परिचारिका आहे आणि नेमकी कॅथलॅबमध्येच. कॅथलॅब म्हणजे अशी खोली, जिथं रुग्णाच्या शरीरात काय चाललंय ते क्ष-किरणांनी पडद्यावर त्याच क्षणी दिसतं.

"अगं, तार आत राहू शकते का गं?"

"राहू शकते बाई. फार फार क्वचित. म्हणून तर आम्ही एवढं जपतो." मग ती हसली आणि म्हणाली, "तुम्ही आम्हांला कार्यानुभवाच्या तासाला परकरात नाडी घालायला शिकवली होती, आठवतंय? आमचं सगळं तेच आहे बघा."

आणि खरंच की! लेंग्याच्या नेफ्यात नाडी घातलीय का कधी? नाडीच्या एका टोकाला पिन लावायची, ती नेफ्यात सरकवायची, कापड चुण्या पाडत मागं ओढायचं. आपलं सगळं लक्ष त्या पिनेकडं असतं. इतक्यात मागचं टोक सुळकन आत! मग बसा उसवत. म्हणून आजी काय सांगते? मागचं टोक हातात धर, नाहीतर गाठ मार. (मनगटातल्या ठोक्यांनाही आपण नाडीच म्हणतो, ही आणखी एक गंमत.)

तर ही तार कशी असते ते आधी बघू. कुंपणाची नव्हे हं. सायकलच्या ब्रेकची केबल पाहिलीत? बाहेरच्या काळ्या आवरणात स्प्रिंगसारखं वेटोळं असतं आणि त्याच्या आतून तार जाते. ही मार्गदर्शक तारही पुष्कळदा तशीच बनवतात. मध्ये पोलादाचा बारीक गाभा आणि त्याभोवती त्याहून बारीक तारेचं घट्ट वेटोळं. टोकाकडं गाभा निमुळता होत जातो, त्यामुळे टोक अगदी लुळं पडतं. काही तारांचं टोक छत्रीच्या मुठीसारखं वळवलेलं असतं. का बरं? सरळ टोक रक्तवाहिनीच्या भिंतीत रुतेल. वळलेलं टोक भिंतीला लागलं, तरी पाठीवर घसरत पुढं जातं. मोठ्या रक्तवाहिन्यांतून नेण्याची तार साधारण ०.९ मिलिमीटर जाड असते. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या, तिथली तार आणखी बारीक, ०.३६ मिलिमीटर.

या तारेवरून जी पोकळ नळी सरकवतात तिला म्हणतात कॅथेटर. तिची जाडी "फ्रेंच" नावाच्या मापात मोजतात. पॅरिसमध्ये शार्रिएर नावाचे शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणारे एक कारागीर होऊन गेले, त्यांचं हे माप. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. हृदयाच्या तपासणीला ६ फ्रेंचची नळी पुष्कळदा वापरतात. म्हणजे किती मिलिमीटर? पाढे येतात ना? झालं तर.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तार कशाला हवी? नळीच थेट का नाही घालत?

हाच प्रश्न स्वीडनमधल्या स्वेन-इवार सेल्डिंगर नावाच्या डॉक्टरांना पडला होता. तेव्हा ते तिशीच्या थोडे पुढं होते, म्हणजे साधारण माझ्याच वयाचे. त्या काळी आधी जाड पोकळ सुई टोचायची आणि सुईच्या पोटातून नळी सारायची, अशी पद्धत होती. गोची लक्षात आली का? नळी सुईच्या आतून जायची, म्हणजे सुई नळीहून जाड हवी. नंतर सुई काढून घेतली की राहिलेलं भोक नळीपेक्षा मोठं! रक्त वाहणारच. बारीक सुई घ्यावी, तर नळी इतकी बारीक की तिच्यातून औषध पुरेसं जाईना.

सेल्डिंगर यांनी नवं यंत्र काही शोधलं नाही. सुई, तार आणि नळी या तीन वस्तू त्यांच्यासमोरच होत्या. त्यांनी फक्त त्यांचा क्रम शोधला. सुई आत. सुईतून तार आत. सुई बाहेर. तारेवरून नळी आत. तार बाहेर. बस्स! भोक बारीक सुईएवढं, त्यात नळी घट्ट बसते. १९५३ साली त्यांनी हे छापून प्रसिद्ध केलं. आज जगभर रोज असंख्य रुग्णांवर हाच क्रम वापरला जातो. हृदयासाठी, मेंदूसाठी, पायासाठी, मानेतल्या शिरेत सलाईनची मोठी नळी घालायची असली तरीसुद्धा. मला हे फार आवडलं. गणितात तुमची उदाहरणं चुकतात ना, तेव्हा आकडे पुष्कळदा बरोबर असतात, पायऱ्यांचाच क्रम चुकलेला असतो.

आता या क्रमातली धोक्याची जागा शोधा बघू. सुई बाहेर काढून झाली. तार अर्धी शरीरात, अर्धी बाहेर. आता तिच्या मागच्या शेपटावरून नळी ओवायची. नळी पुढं सरकत त्वचेपर्यंत आली. या क्षणी तारेचं शेपूट कुठं आहे? नळीच्या मागच्या तोंडातून बाहेर आलं असेल, तर ते चिमटीत धरता येतं. आलं नसेल, तर ते नळीच्या पोटात लपलंय. अशा वेळी नळी आत ढकलली, तर तारही तिच्याबरोबर आत निघाली. झालं की नाही नेफ्यातल्या नाडीसारखं?

म्हणून नियम असा, की शेपूट दिसून ते चिमटीत आल्याशिवाय नळी त्वचेच्या आत ढकलायचीच नाही. दिसत नसेल, तर तार थोडी मागं ओढून आधी शेपूट बाहेर काढायचं. आणि एकदा धरलेली तार काम संपेपर्यंत सोडायची नाही. फोन वाजो, दार वाजो, कोणी हाक मारो, एक हात तारेवरच.

आता आपली नळी काढा. दीडेक मीटरचा तुकडा एका फळीवर नागमोडी ठेवून चिकटपट्टीनं पक्का बसवा. दोन-तीन वळणं असू द्या. पहिल्यांदा त्यात सुतळी ढकलून बघा. गोळा होईल, पुढं जाणार नाही. मग बांधकामाची साधी तार घ्या, मोठ्यांकडून कापून घ्या हं. पहिल्या वळणावर तिचं टोक नळीला टोचून थांबेल. जोर केलात तर नळीवर ओरखडा उठेल. आता सायकलवाल्याकडून जुन्या ब्रेकच्या आतली तार मागून आणा. तिचं टोक उलटं दुमडून त्यावर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे ते गोल, बोथट होईल. ही सरकवा. वळणाशी थोडी अडेल. तिथं जोर करायचा नाही, थोडी मागं घ्यायची, बोटांत फिरवायची आणि पुन्हा हलकेच सारायची. जमलं?

थांबा, खरा प्रयोग पुढंच आहे. तारेचं शेपूट फक्त चार बोटं बाहेर ठेवा. त्यावरून कागदी स्ट्रॉ ओवा. शेपूट स्ट्रॉच्या पोटात गडप! आता धरणार काय? हळूहळू स्ट्रॉ पुढं ढकला आणि आतल्या टोकाकडं बघा. तार तुमच्या मनाविरुद्ध पुढं निघाली की नाही? मग हेच शेपूट स्ट्रॉपेक्षा लांब ठेवून करून बघा. माझ्या वर्गात पन्नास मुलांनी हे केलं. पहिल्या खेपेला निम्म्या वर्गाची नाडी नेफ्यात गेली!

शेवटी नळीत थोडं साबणाचं पाणी ओता. तार लोण्यासारखी सरकेल. पण आता ती तुमच्या बोटांतूनही सुटते, हेही बघा. डॉक्टरांकडं अशा काही तारा असतात. कोरड्या असताना चिकटतात, पाण्यात भिजल्या की भेंडीसारख्या बुळबुळीत होतात. अरुंद, वेड्यावाकड्या वाटेतून जायला त्या उत्तम. पण हात सुटला की सुटलाच. शिवाय त्यांच्यावरचा लेप नाजूक असतो. अशी तार धातूच्या सुईतून मागं ओढली, तर सुईची धार लेप खरवडून काढते आणि तो तुकडा रक्तात वाहून जाऊ शकतो. म्हणून लेप दिलेली तार धातूच्या सुईतून मागं ओढायची नाही, असा दंडकच आहे.

बाकीचे नियम त्या आमच्या सिस्टरबाईंनी सांगितले तसे सांगते. तार पुढं जात नसेल, तर जोर लावायचा नाही. रक्तवाहिनीला आतून नाजूक अस्तर असतं, ते फाटलं तर आतला पदर सुटून वाटच बंद होते. तारेचं पुढचं टोक पडद्यावर दिसत असलंच पाहिजे. दिसत नसेल तर पुढं सारायची नाही. तार वापरून बाहेर आली, की ओल्या जाळीच्या कापडानं पुसायची, कारण तिच्यावर रक्त गोठतं आणि पुन्हा आत घालताना ती गुठळीही आत जाईल. स्प्रिंगसारखी उसळून जमिनीवर पडू नये, म्हणून ती गोल प्लॅस्टिकच्या कड्यात ओलीच गुंडाळून ठेवायची. चुकून पडलीच, तर ती बाद. नवीन घ्यायची, मग ती कितीही महाग असो.

आणि हवा! नळी एक मीटर लांब. तिच्या पोकळीत साधारण अर्धा चमचा हवा मावते. तुम्हांला वाटेल, अर्ध्या चमच्यानं काय होतंय? पण ती हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिनीत गेली, तर तिथला रक्ताचा प्रवाह अडतो. म्हणून प्रत्येक नळी आधी सलाईननं भरून घेतात. नळी शरीरात गेल्यावरही तार सावकाश काढून आधी थोडं रक्त मागं ओढायचं, बुडबुडा नाही ना ते बघायचं, मगच औषध सोडायचं.

सगळ्यांत शेवटी मोजणी. किती तारा उघडल्या, किती परत आल्या. नुसता आकडा नाही, टोकापासून टोकापर्यंत अख्खी आहे का, तेही बघायचं.

"आणि तरीही राहिलीच तर?" मी विचारलं.

तिनं सांगितलं, की अशा चुका पुष्कळदा कॅथलॅबपेक्षा अतिदक्षता विभागात होतात. मानेतल्या किंवा मांडीतल्या शिरेत घाईघाईनं नळी घालताना कोणीतरी मध्येच बोलावतं, लक्ष उडतं. मग नंतरच्या क्ष-किरण फोटोत तार दिसते. इंग्लंडमध्ये शरीरात वस्तू राहून जाणं ही "कधीच होता कामा नये" अशा घटनांच्या यादीत धरतात आणि झाली तर तिची चौकशी होते. पण अशी राहिलेली तार बहुतेक वेळा पोट-छाती न उघडता काढता येते. दुसरी नळी घालायची, तिच्यातून तारेचाच एक बारीक फास सोडायचा, आतल्या तारेचं टोक त्यात पकडायचं आणि ओढून घ्यायचं. विहिरीत पडलेली बादली गळ टाकून काढतात ना, तसंच.

गंमत म्हणजे या विद्येची सुरुवात मात्र अगदी बेफिकीर माणसांनी केली. १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान नावाच्या पंचवीस वर्षांच्या डॉक्टरानं स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर नळी हृदयापर्यंत घातली आणि त्याच अवस्थेत जिने उतरून क्ष-किरण फोटो काढून घ्यायला गेला. वरिष्ठांनी आधीच "नाही" म्हटलेलं असताना! १९५६ साली त्याला दोघांबरोबर नोबेल मिळालं, पण म्हणून ते शहाणपणाचं होतं असं मी मुळीच म्हणणार नाही. अमेरिकेतले चार्ल्स डॉटर हे तर गिटारच्या तारा आणि गाडीच्या वेगमापकाची केबल वापरून बघायचे. पण त्यांनीच १९६४ च्या जानेवारीत एक मोठं काम केलं. ८२ वर्षांच्या एक आजी होत्या. त्यांच्या पायाचा रक्तपुरवठा बंद पडून पाऊल सडत चाललं होतं. पाय कापावा लागणार होता आणि आजींनी ठाम नकार दिला होता. डॉटर यांनी अरुंद झालेल्या जागेतून आधी तार नेली, मग तिच्यावरून नळ्या सारून ती जागा रुंद केली. पाय वाचला. आजी पुढं जगल्या तितकी वर्षं स्वतःच्या दोन्ही पायांवर चालल्या. मग १९७७ साली झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्सिग यांनी नळीला बारकासा फुगा लावून हृदयाची रक्तवाहिनी उघडली. त्या मुलाच्या बाबांचं जे व्हायचं होतं, ते हेच.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला बोलावलं. म्हटलं, "मी परवा तुला चुकीचं सांगितलं. तार राहू शकते, पण ती राहू नये म्हणून ती माणसं काय काय करतात ते बघ." मग आम्ही दोघांनी फळीवर नळी बसवली. वर्गाआधी पहिला प्रयोग त्यानंच केला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे शेपूट हातात पाहिजे."

त्याच्या बाबांवरचे उपचार त्यानंतरच्या बुधवारी झाले. मनगटाजवळची जागा बधिर करतात, बाकी माणूस जागाच असतो. आत तार फिरते ती बहुतेकांना कळतसुद्धा नाही. काम संपल्यावर बाबांनी पडल्या पडल्या विचारलं, "डॉक्टर, माझ्या मुलानं विचारायला सांगितलंय, तार अख्खी बाहेर आली का?" डॉक्टर आधी चमकले, मग त्यांनी तारेची दोन्ही टोकं उचलून बाबांना दाखवली. सोमवारी हा पठ्ठ्या सगळ्या वर्गाला हात पसरून दाखवत होता, "एवढी लांब होती!" त्या दिवशी डब्यात थालीपीठ होतं. मला अर्धं मिळालं.

पालकांसाठी दोन ओळी. घरात कुणावर असे उपचार व्हायचे असतील, तर मुलांसमोर कुजबुजू नका; समजेल इतकं सरळ सांगा. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी तो वाचा, कळलं नाही ते विचारा. चालू असलेली औषधं, ॲलर्जी, मूत्रपिंडाचा त्रास हे आधीच सांगा. घरी आल्यावर मनगटातून रक्त येऊ लागलं, तर जागा घट्ट दाबून धरा आणि लगेच मदत मागा. आणि प्रयोगासाठी मुलांना दवाखान्याबाहेरच्या कचऱ्यातली सलाईनची नळी कधीही उचलू देऊ नका. गवंड्याची नळी घ्या, स्वस्त पडते.

आता तुमच्यासाठी गणित. १०० सेंटिमीटर लांबीची नळी रुग्णाच्या मनगटातून हृदयापाशी पोचलीय. डॉक्टरांना ती काढून तेवढ्याच लांबीची दुसरी घालायचीय, पण तार मात्र हृदयापाशीच राहू द्यायचीय. शरीरात ९० सेंटिमीटर तार आहे. कपाटात दोन प्रकारच्या तारा आहेत, १५० सेंटिमीटरची आणि २६० सेंटिमीटरची. सिस्टरांनी कोणती काढून द्यावी आणि का? आकृतीसह उत्तर पाठवा. ब्रेकची तार बुळबुळीत झाल्यामुळे कुणाकुणाची कुठं जाऊन पडली, तेही कळवा.